कवेलूखालची चिमणी : जबलपूरच्या मराठी अंगणाचा इतिहास

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर किल्ले, तह आणि लढाया येतात. आजचा विषय त्या मानाने फारच घरगुती आहे. म्हातारी माणसे सकाळी चहाचा कप घेऊन ओसरीवर बसतात. अंगणात चिमण्या येतात, साळुंक्या येतात, जास्वंदीवर शिंजीर लोंबकळतो. माणसे बघत बसतात. यात इतिहास कसला, असे कुणीही विचारेल.

माझे म्हणणे असे, की यात घराचा इतिहास आहे. घर कशाचे बांधले होते, धान्य कुठे निवडले जात होते, दुपारी ओसरीवर कोण बसत होते, शेजारची झाडे कधी तुटली, हे सगळे अंगणात येणाऱ्या पक्ष्यांवरून कळते. सनदा जपून ठेवल्या जातात, खटल्यांची कागदपत्रे दप्तरात राहतात. पण अमक्या घरात चिमणीचे किती खोपे होते हे कोणत्याही दप्तरात लिहिलेले नसते. ते फक्त घरातल्या वडीलधाऱ्यांना आठवते. ती माणसे गेली की ते दप्तर मिटते. म्हणून आज हा विषय.

मी जबलपूरचा. वडील १९५६ साली हायकोर्टाबरोबर नागपूरहून इकडे आले, कारकून म्हणून. मी तेव्हा पाच वर्षांचा होतो. पुढे आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला आणि आता पंचाहत्तरीकडे आलो आहे. त्यामुळे आज जे सांगतो आहे त्यातले काही पुस्तकातले आहे आणि काही ओसरीवरचे.

मराठी माणसे जबलपुरात आली कशी

महाराष्ट्रातल्या श्रोत्यांना नेहमी प्रश्न पडतो, की नर्मदेकाठच्या या शहरात मराठी घरे कुठून आली. ती तीन लाटांत आली, असे ढोबळपणे म्हणता येईल.

पहिली लाट सत्तेची. १७८१ मध्ये हा गढा-मंडल्याचा मुलूख गोंड राजांकडून सागरच्या मराठ्यांकडे, म्हणजे पेशव्यांच्या अमलाखाली आला. १७९८ मध्ये तो नागपूरकर भोसल्यांना मिळाला. १८१७ मध्ये इंग्रजांनी जबलपूर घेतले. म्हणजे जेमतेम छत्तीस वर्षांचा मराठी अंमल. पण त्या काळात कारकून, भिक्षुक, सावकार आणि शिलेदारांची जी घरे इथे आली, त्यातली काही इथेच रुजली.

दुसरी लाट रेल्वे आणि सरकारी नोकरीची. १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला, राजधानी नागपूर, आणि जबलपूर त्याच प्रांतात. १८६७ मध्ये अलाहाबादकडून रेल्वे जबलपूरला पोहोचली आणि १८७० मध्ये मुंबईकडून येणारा मार्ग तिला इथेच मिळाला. मुंबई आणि कलकत्ता लोहमार्गाने जोडली गेली ती आमच्या गावात. त्यानंतर विसाव्या शतकाच्या आरंभी तोफगाड्यांचा कारखाना आला. मास्तर, ओव्हरसियर, स्टेशनबाबू, पोस्टातले लोक असे सगळे येत राहिले.

तिसरी लाट १ नोव्हेंबर १९५६ ची. राज्यपुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले, नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळला गेली आणि हायकोर्ट जबलपूरला आले. न्यायमूर्ती मोहम्मद हिदायतुल्ला इथले पहिले मुख्य न्यायाधीश. त्यांच्याबरोबर वकील आले, आणि वकिलांपेक्षा किती तरी जास्त कारकून, टंकलेखक आणि चपराशी आले. आमचे घर त्यातलेच. गोलबाजारातले दत्तमंदिर हा या सगळ्यांचा भेटण्याचा ठाव. तिथे मराठीत बोलायचे, बाहेर पडले की हिंदीत, हे आमच्या अंगवळणी पडले.

आता गंमत अशी, की या तीनही लाटांतली माणसे ज्या घरांत राहिली ती घरे साधारण एकाच जातीची होती. मातीच्या गाऱ्यात बांधलेल्या विटांच्या किंवा दगडांच्या जाड भिंती, वर लाकडी आढे आणि वासे, त्यावर कवेलू. पुण्याकडे कौल म्हणतात, आमच्याकडे आणि विदर्भात कवेलू. पुढे ओसरी, मागे अंगण, अंगणात तुळस, एखादा पेरू नाहीतर आंबा, आणि विहीर किंवा हौद. जबलपूरच्या पक्ष्यांची गोष्ट या घरापासून सुरू होते.

चिमणी घरात का राहते

चिमणीचे शास्त्रीय नाव पॅसर डोमेस्टिकस. डोमेस्टिकस म्हणजे घराची. हे नाव १७५८ मध्ये लिनियसने दिले आणि ते अगदी नेमके आहे. माणसाने धान्य पेरायला सुरुवात केली तेव्हापासून, म्हणजे दहा-अकरा हजार वर्षांपासून, हा पक्षी माणसाच्या मागे मागे फिरत आला आहे. ओसाड पडलेल्या घरात चिमण्या फार दिवस राहत नाहीत. माणसे गेली की त्याही जातात.

तिला घराकडून तीन गोष्टी लागतात. एक, खोप्यासाठी भोक किंवा फट. दोन, स्वतःसाठी धान्य. तीन, पिलांसाठी अळ्या आणि किडे, कारण पहिले काही दिवस पिलांना धान्य पचत नाही. हे तिसरे बरेच लोक विसरतात.

आता आमच्या जुन्या घराकडे बघा. कवेलू एकावर एक अर्धवट चढवलेले असतात, त्यामुळे प्रत्येक ओळीच्या टोकाला एक पोकळी राहते. वासा भिंतीत शिरतो तिथे फट राहते. भिंतीवर तिरक्या टांगलेल्या तसबिरींच्या मागे जागा असते. आमच्या घरी दत्ताच्या तसबिरीमागे एक खोपा असायचा, आणि आजी दर उन्हाळ्यात म्हणायची, देवामागे घर केलेय, कोण काढणार? खाली केरात पडलेल्या काड्या रोज झाडायच्या, पण खोपा काढायचा नाही, हा घरातला अलिखित कायदा.

धान्याचे काय? इथे मला एक गोष्ट जोर देऊन सांगायची आहे. आज आपण पक्ष्यांना दाणे टाकतो ते दया म्हणून. जुन्या घरात दाणे मिळायचे ते कामातून. गहू वर्षाचे भरायचे. ते अंगणात वाळत घालायचे, सुपाने पाखडायचे, ओसरीवर बसून निवडायचे. तांदळाची कणी वेगळी काढायची. डाळीची चुरी, कोंडा, किडका दाणा, हे सगळे अंगणात पडायचे. हे काम करायच्या घरातल्या म्हाताऱ्या बायका, कारण तरुण सुना चुलीपाशी असत. म्हणजे आजी सूप घेऊन ओसरीवर बसली की चिमण्या उतरणार, हे घड्याळाइतके ठरलेले. ती त्यांना खाऊ घालत नव्हती, ती आपले काम करत होती. पण तिच्या हाताखाली साठ-सत्तर चिमण्यांचे पोट भरत होते.

हिवाळ्यात आमच्याकडे मटार. जबलपूरच्या आसपासचा मटार नावाजलेला आहे, आणि डिसेंबर-जानेवारीत घरोघरी टोपलीभर शेंगा सोलायचे काम असते. हेसुद्धा म्हाताऱ्यांचे काम. किडक्या शेंगेतली अळी अंगणात फेकली की सातभाई धावून येतात. सहा-सात जणांचे टोळके, मळकट रंगाचे, सारखे भांडल्यासारखे बोलणारे. हिंदीवाले त्यांना भाऊच म्हणतात, इंग्रजांनी मात्र त्यांना सात बहिणी ठरवले. पक्षी तोच, नाती ज्याची त्याची.

दोन भाषांचा कान

सीमेपलीकडच्या मराठी माणसाला पक्षी दोन भाषांत ऐकू येतात. याचे सगळ्यात सुंदर उदाहरण म्हणजे पावशा. पावसाच्या तोंडाशी हा पक्षी चढत्या सुरात तेच तेच ओरडत राहतो. महाराष्ट्रातला शेतकरी ऐकतो, ‘पेरते व्हा, पेरते व्हा’. आमचे हिंदी शेजारी ऐकतात, ‘पी कहाँ, पी कहाँ’, म्हणजे प्रियकर कुठे आहे. इंग्रज साहेबाला उन्हाळ्याच्या रात्री झोप यायची नाही, त्याने ऐकले ‘ब्रेन फीवर’, मेंदूचा ताप. एका पक्ष्याच्या तीन अक्षरांत एकाला शेत दिसते, एकाला विरह, एकाला दुखणे. माझे वडील जूनमध्ये त्याचा आवाज ऐकला की म्हणायचे, आमच्याकडे शेत कुठले पेरायचे, आता फायलीच पेरा.

भारद्वाजाचेही तसेच. तांबूस पंखांचा, लाल डोळ्यांचा, जमिनीवर ऐटीत चालणारा हा पक्षी. सकाळी बाहेर पडताना दिसला तर शुभ, ही समजूत महाराष्ट्रातून आमच्याबरोबर आली. इथे त्याचे नाव महोख. शेजारच्या घरात कोणी परीक्षेला निघाले आणि तो दिसला, तर आमच्या घरातून हाक जायची, थांब, भारद्वाज बघून जा. हळूहळू तेही थांबायला लागले. संस्कृतीची देवाणघेवाण म्हणून आपण मोठमोठे ग्रंथ वाचतो, ती अशी कुंपणावरूनही होते.

आणि कावळा. पितृपंधरवड्यात घास ठेवायचा आणि कावळ्याची वाट बघायची. दहाव्याला ग्वारीघाटावर पिंड ठेवला की सगळे कुटुंब एका कावळ्याकडे डोळे लावून बसते. श्रद्धा असो वा नसो, त्या अर्ध्या तासात माणूस पक्ष्याकडे जितक्या लक्षपूर्वक बघतो तितका एरवी क्वचितच बघत असेल. लहानपणी ‘हा घास काऊचा, हा घास चिऊचा’ म्हणून जेवायला शिकायचे आणि शेवटी कावळ्यानेच निरोप द्यायचा. मराठी माणसाचे आयुष्य या दोन पक्ष्यांच्या मध्ये बसवलेले आहे, असे म्हटले तर फार चुकणार नाही.

बंगल्याचे कंपाउंड

याच शहरात दुसऱ्या प्रकारचे एक अंगण होते. सिव्हिल लाइन्समधले बंगले, भोवती मोठे कंपाउंड, गुलमोहर, चिंच, कडुनिंब. तिथे इंग्रज अधिकारी राहत. त्यांचे पक्षी बघणे वेगळे होते. ते लिहून ठेवायचे.

टी. सी. जर्डन हा लष्करातला डॉक्टर काही काळ आमच्या शेजारच्या सागरला होता. त्याने १८६२ ते १८६४ या काळात ‘द बर्ड्स ऑफ इंडिया’ हा ग्रंथ काढला. पण अंगणाच्या दृष्टीने मला जवळचा वाटतो तो एडवर्ड हॅमिल्टन एटकेन. त्याचा जन्म १८५१ चा, आपल्या साताऱ्यातला, मिशनरी आईवडिलांच्या घरी. मीठ आणि कस्टम खात्यात नोकरी. ‘ईएचए’ या तीन अक्षरांनी तो लिहायचा. १८८३ मध्ये त्याचे ‘द ट्राइब्ज ऑन माय फ्रंटियर’ आले. नाव वाचून वाटते सरहद्दीवरच्या टोळ्यांची गोष्ट असेल. प्रत्यक्षात त्या टोळ्या म्हणजे त्याच्या बंगल्यातले उंदीर, पाली, कावळे, मैना आणि मुंग्या. घरबसल्या निरीक्षण करून भारतावर लिहिलेले इतके मिस्कील पुस्तक त्या काळात दुसरे सापडणे कठीण. १९०० मध्ये त्याने मुंबईच्या नेहमीच्या पक्ष्यांवरही पुस्तक लिहिले.

त्याच १८८३ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईत आठ जणांनी मिळून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्या आठांत एटकेन होताच, पण दोन मराठी डॉक्टरही होते, आत्माराम पांडुरंग आणि सखाराम अर्जुन. प्रार्थना समाजाच्या स्थापनेमुळे आत्माराम पांडुरंग आपल्याला माहीत असतात, आणि रखमाबाईंचे सावत्र वडील म्हणून सखाराम अर्जुन. निसर्गनोंदींच्या या उद्योगातही ते पहिल्या दिवसापासून होते, हे मात्र फारसे कुणाच्या लक्षात राहत नाही.

म्हणजे बघा, एकाच काळात दोन अंगणे. एका अंगणात आजीला प्रत्येक खोपा माहीत आहे, पण ती लिहीत नाही. दुसऱ्या अंगणात साहेब सगळे लिहितो, पण पाच-सात वर्षांनी बदली होऊन जातो. आजीचे ज्ञान तिच्याबरोबर गेले, साहेबाचे छापले गेले. इतिहासात असे फार वेळा होते.

हे दोन्ही एकत्र कसे येऊ शकते याचे उदाहरण सलीम अलींनी दाखवले. १९३० च्या सुमारास त्यांची मुंबईच्या संग्रहालयातली नोकरी गेली. ते पत्नीबरोबर अलिबागजवळ किहीमला एका घरात राहायला गेले. घराजवळच सुगरणींची वसाहत होती. काम नव्हते, वेळ होता. ते रोज बसून बघत राहिले आणि लिहीत राहिले. त्यातून सुगरणीच्या संसाराचे गुपित उलगडले. घरटे नर विणतो, अर्धे झाले की मादी येऊन तपासते, पसंत पडले तर राहते, आणि मग नर दुसरे घरटे विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. परदेशी उपकरणे नाहीत, मोहीम नाही. घरासमोरचे झाड, दुर्बीण, वही आणि भरपूर रिकामा वेळ. हा रिकामा वेळ निवृत्त माणसाइतका कोणाकडे असतो?

मराठीत हे काम मारुती चितमपल्लींनी केले. ते मूळचे सोलापूरचे, वनखात्यातले अधिकारी. नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट हे त्यांचे मुलूख, म्हणजे आमच्या सातपुड्याच्या दक्षिणेकडची बाजू. त्यांनी जंगलातल्या माणसांकडून पक्ष्यांची नावे गोळा केली आणि ‘पक्षिकोश’ सिद्ध केला. १९९० मध्ये निवृत्त झाल्यावरही ते लिहीतच राहिले. २००६ मध्ये ते सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. आमच्यासारख्या हिंदी मुलखातल्या घरांना त्यांचा एक वेगळाच उपयोग झाला. नातवंडे गौरैया, मैना, महोख म्हणतात. चिमणी, साळुंकी, भारद्वाज हे शब्द पुस्तकात छापलेले दाखवता येतात.

२२ मे १९९७

आता या गोष्टीतला अवघड भाग. २२ मे १९९७ च्या पहाटे, साडेचारच्या आधी, जबलपूरला भूकंप झाला. तीव्रता सहाच्या आसपास. चाळीसच्या आसपास माणसे गेली, हजारो घरे पडली किंवा तडकली. उन्हाळा असल्यामुळे पुष्कळ लोक अंगणात, गच्चीवर झोपले होते, नाहीतर आकडा किती वाढला असता याची कल्पना करवत नाही.

सगळ्यात जास्त मार बसला तो मातीच्या गाऱ्यात बांधलेल्या, कवेलूच्या जुन्या घरांना. जाड भिंत भक्कम दिसते, पण गारा मातीचा असेल तर ती आडवा हादरा सोसत नाही. वरचे लाकडी छप्पर भिंतींना नीट बांधलेले नसते. कोपरे उघडतात आणि कवेलू खाली येतात. आमच्या घराची मागची भिंत कोपऱ्यातून उघडली, हाताचा पंजा आत जाईल इतकी.

त्यानंतर जो तो स्लॅबचे घर बांधू लागला. आम्हीही बांधले. ते बरोबरच होते. बीम, कॉलम, लोखंड असलेले घर माणसाचा जीव वाचवते. जिथे शेजारी गेले, तिथे चिमणीच्या खोप्यासाठी कोण रडणार? मला जुन्या घराचे गोडवे गायचे नाहीत. त्या घरात विंचू होते, गळती होती, आणि दर पावसाळ्याआधी कवेलू फेरायला माणूस शोधावा लागे.

पण इतिहासाच्या माणसाने हिशेब दोन्ही बाजूंचा मांडावा. सपाट स्लॅबला फट नसते. प्लास्टर केलेल्या भिंतीला भोक नसते. तसबिरी आता खिळ्याला चपट्या बसतात. त्याच दहा-पंधरा वर्षांत गव्हाची जागा पिठाच्या पिशवीने घेतली, सूप अडगळीत गेले, अंगणात फरशी आली, आणि फरशीवर अळ्या-किडे नसतात. म्हणजे खोपा, दाणा आणि पिलांचे अन्न, या तिन्ही गोष्टी एकाच पिढीत गेल्या. माझ्या गल्लीत चिमण्या कमी झाल्या त्या मोबाइलच्या टॉवरमुळे, असे पुष्कळ लोक सांगतात. मी तारखा लावून बघतो तेव्हा मला आधी कवेलू जाताना दिसतात, मग सूप, मग माती. टॉवर नंतर आले.

आठवण हाही पुरावा

चिमणीचा प्रश्न पुढे देशभर गाजला. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकाराने २०१० पासून २० मार्च हा जागतिक चिमणी दिवस पाळला जाऊ लागला. २०१२ मध्ये दिल्लीने चिमणीला राज्यपक्षी केले. आणि त्याच वर्षी ‘सिटिझन स्पॅरो’ नावाचा एक उपक्रम झाला, तो मला इतिहासकार म्हणून फार मोलाचा वाटतो. कारण त्यात लोकांना फक्त आज चिमणी दिसते का एवढेच विचारले नाही, तर पूर्वी या ठिकाणी दिसायची का, किती, खोपे असायचे का, हेही विचारले. पाच हजारांहून जास्त लोकांनी उत्तरे दिली. मौखिक इतिहास आपण फाळणीचा गोळा करतो, दुष्काळाचा करतो. इथे शास्त्रज्ञांनी चिमणीचा गोळा केला, आणि त्यासाठी अर्थातच म्हाताऱ्या माणसांशिवाय दुसरा साक्षीदार नव्हता.

पुढे २०२० मध्ये देशातल्या पक्ष्यांचा मोठा अहवाल आला. पंधरा हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षकांच्या एक कोटीहून जास्त नोंदींवर तो उभा होता. त्यात एक दिलाशाची गोष्ट निघाली. देशभराचा विचार केला तर चिमणी साधारण टिकून आहे. मुंबई, दिल्ली, बंगळूरूसारख्या सहा महानगरांत मात्र ती घटली आहे. म्हणजे चिमणी नामशेष झाली, हे खरे नाही. ती आपल्या घरातून गेली, हे खरे आहे. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण गेलेली परत येऊ शकते.

माणसाने चिमणीला मुद्दाम घालवल्याचे उदाहरणही जगात आहे. १९५८ मध्ये चीनने चार उपद्रवी प्राण्यांविरुद्ध मोहीम काढली, त्यात चिमणी होती. गावेच्या गावे थाळ्या बडवत चिमण्यांना बसू देईनात, त्या दमून पडून मेल्या. मग पिकांवर किडे वाढले, आणि १९६० मध्ये यादीतून चिमणी काढून ढेकूण घालावा लागला. आजीचा अलिखित कायदा त्या सरकारी धोरणापेक्षा शहाणा होता.

म्हाताऱ्या माणसांचे आजचे अंगण

आज माझ्या वयाच्या मराठी घरांत बहुतेक ठिकाणी दोनच माणसे आहेत. काही ठिकाणी एकच. मुले पुण्याला, बंगळूरूला, नाहीतर परदेशात. दिवस मोठा असतो. औषधाची वेळ, पेपर, देवपूजा, टीव्ही, एवढ्याने तो भरत नाही. पक्षी काय करतात, तर दिवसाला खुणा देतात. पहाटे दयाळाची शीळ. दहाच्या सुमारास तांबटाचा टुक-टुक, जसा कोणी तांब्याचे भांडे ठोकतोय. दुपारी होल्याचे घुमणे. संध्याकाळी पोपटांचे थवे ओरडत जातात, दिवेलागणीला पिंगळा बोलतो. पिंपळाला फळे आली की राखी धनेश येतो, आणि त्या दिवशी फोनवर मुलांना सांगायला बातमी असते. तब्येत कशी आहे, या प्रश्नाचे उत्तर रोज काय नवे देणार? धनेश आला होता, हे मात्र नवे असते.

मी हे कौतुकाने सांगतो आहे, पण एकटेपणावरचे औषध म्हणून सांगत नाही. पक्षी माणसाची जागा घेत नाहीत. ते एवढेच करतात, की घरात बसलेल्या माणसाचे लक्ष घराबाहेर ठेवतात.

एक सावधगिरीही सांगायला हवी. दाणे टाकणे म्हणजे सरसकट पुण्य, असे नाही. पोतेभर दाणे टाकले की पारवे, म्हणजे आपण ज्यांना कबुतरे म्हणतो ते, गोळा होतात आणि बाकीचे पक्षी हटतात. पारव्यांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ श्वासातून गेली तर काहींना फुप्फुसाचा गंभीर आजार होतो, आणि म्हाताऱ्या माणसांना त्याचा धोका जास्त. २०२५ च्या पावसाळ्यात मुंबईत दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री टाकली गेली तेव्हा केवढा वाद झाला तो आपण पाहिला. दोन्ही बाजूंना म्हातारी माणसे होती, हे मला त्यात जाणवले. कुणाचे रोजचे दाणे बंद झाले, कुणाचा खोकला.

तेव्हा थोडक्यात, मूठभर दाणे पुरेत. त्याहून महत्त्वाचे पाणी. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा चव्वेचाळीसला जातो. मातीचे पसरट भांडे, ज्याला इथे सकोरा म्हणतात, सावलीत ठेवायचे आणि पाणी रोज बदलायचे, नाहीतर डास होतात. शिळी पोळी चालते, पण शेव-फरसाण नको. जागा असेल तर एक कोपरा बिनफरशीचा ठेवा, त्यात जास्वंद, तुळस, शेवगा काही लावा. पिलांचे अन्न त्या मातीत तयार होते. आणि चिमणीसाठी लाकडी खोका टांगायचा तर भोक सव्वा इंचाच्या आसपास ठेवा, म्हणजे साळुंकी आत शिरणार नाही.

पंधरा मिनिटे आणि एक वही

शेवटी पुन्हा नोंदीकडे येतो. अमेरिकेत १९९८ पासून दर फेब्रुवारीत अंगणातल्या पक्ष्यांची मोजणी होते, चार दिवस. २०१३ पासून ती जगभर झाली आणि भारतही त्यात आला. अट एवढीच, की किमान पंधरा मिनिटे एका जागी बसून जे पक्षी दिसतील ते मोजायचे आणि कळवायचे. ओसरीवर बसूनही चालते. गुडघे दुखत असतील तरी चालते. मोबाइलवर नोंद टाकणे जमत नसेल तर नातवाला सांगा, तेवढ्या निमित्ताने तो फोन तरी करेल.

पण मोजणीच्या आधी मला तुमच्याकडून दुसरे काम हवे आहे. तुमच्या घरात सत्तरीच्या पुढचे कोणी असेल, तर त्यांना विचारा. तुमचे लहानपणीचे घर कशाने शाकारलेले होते? खोपे कुठे असायचे? धान्य कुठे निवडायचे आणि कोण? अंगणात कोणते झाड होते आणि ते कधी तुटले? त्या पक्ष्याला तुम्ही काय नाव घेऊन हाक मारायचा? उत्तरे त्यांच्याच शब्दांत लिहा, गावाचे नाव घाला, साधारण साल घाला.

कोल्हापूर, बेळगाव, इंदूर, बडोदा, हैदराबाद, जबलपूर, जिथे जिथे मराठी घर आहे तिथून अशी एकेक वही निघाली, तर ज्या आज्यांनी काही लिहिले नाही त्यांचे ज्ञान थोडे तरी कागदावर येईल. आमच्या पिढीकडे आता जो वेळ उरला आहे तो या कामाला पुरेसा आहे, मात्र फार जास्त नाही. तेव्हा विचारायचे ते याच आठवड्यात विचारा.